ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला वेगळे मीटर : लाल दिवा लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो

शिरूर/दौंड : उसाचा हंगाम सुरू झाला की शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर, पाटस-केडगावच्या बाजूला आणि भीमा-घोडच्या काठच्या गावांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस दिसतात. कारखान्यावर गेलं की सगळ्यांचं लक्ष वजनाच्या काट्याकडे. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर जे काटे असतात, त्यांच्याकडे मात्र कुणी बघत नाही. बघून उपयोगही नसतो म्हणा. दहा-बारा वर्षं उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या मीटरची काच पिवळी पडलेली असते, तापमानाचा काटा एका जागी मेलेला असतो आणि ऑइलचा दिवा "उगाच लागतोय" म्हणून कुणीतरी त्याची वायर कधीच काढून ठेवलेली असते.

असा ट्रॅक्टर भर हंगामात रस्त्यात जाम झाला तर नुकसान फक्त इंजिनचं होत नाही. फडात तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. टोळीला उचल दिलेली असते, ती टोळी बसून राहते. ट्रॅक्टरचा हप्ता काही थांबत नाही. आणि क्रँकचं काम निघालं की पार्ट मिळेपर्यंत, बोअरिंग-घासाई होईपर्यंत आठ-पंधरा दिवस सहज जातात. हे टाळायला ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट दाखवणारे तीन छोटे मीटर, एक-दोन मोठे लाल दिवे आणि एक बझर एवढं सामान पुरतं. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ५२ मिलिमीटर मापाचे गोल मीटर मिळतात. काम एका दिवसाचं आहे. पण ते कसं केलं यावर सगळं अवलंबून असतं, कारण चुकीचा बसवलेला मीटर नसलेल्या मीटरपेक्षा वाईट. तो खोटा धीर देतो.

कंपनीचा दिवा उशिरा का लागतो

कंपनीने दिलेला ऑइलचा लाल दिवा एका साध्या स्विचवर चालतो. इंजिनच्या ऑइल गॅलरीवर तो स्विच बसवलेला असतो. आत एक पडदा आणि स्प्रिंग. दाब नसेल तेव्हा स्विच वायरला बॉडीशी म्हणजे अर्थला जोडतो आणि दिवा लागतो. दाब आला की जोडणी तुटते, दिवा विझतो. म्हणूनच चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की जातो.

अडचण अशी की बहुतेक स्विच साधारण अर्धा किलो दाबाच्या आसपास काम करतात. उलट लोड घेऊन चाललेल्या, तापलेल्या डिझेल इंजिनमध्ये साधारण तीन ते चार किलो दाब हवा असतो. गरम इंजिन मंद चालत असताना तो एक किलोच्या आसपास येतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तोच खरा मानावा. आता समजा, चढावर दोन ट्रॉल्या ओढताना दाब साडेतीनवरून दीडवर आला. बेअरिंग आणि क्रँकच्या मधला ऑइलचा थर पातळ झाला, धातूला धातू लागायला लागला. तरी दिवा गप्प. कारण त्याच्या हिशेबाने दीड किलो म्हणजे भरपूर. तो लागेल तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असेल आणि इंजिनचा आवाज बदललेला असेल. पण तो आवाज ऐकू येणार कुणाला? उसाच्या ट्रॅक्टरवरचे डेक आणि बॉक्स कसे वाजतात हे या भागात सांगायला नको.

काटा असेल तर हीच गोष्ट आठ-दहा दिवस आधी दिसते. रोज साडेतीनवर असणारा काटा तीनवर, मग अडीचवर यायला लागला तर काहीतरी बिघडतंय हे नक्की. ऑइल कमी झालंय का, ऑइलमध्ये डिझेल उतरतंय का, खालची जाळी तुंबलीय का, बेअरिंग झिजलंय का, हे तपासायला वेळ मिळतो. डिझेल उतरत असेल तर गजावर ऑइलची पातळी कमी न होता वाढलेली दिसते आणि ऑइल पातळ लागतं. "ऑइल खात नाही, उलट वाढतंय" म्हणून खूश होणारे मालक आहेत. त्यांनी त्याच दिवशी मिस्त्रीला गाठावं.

शर्यतीच्या गाड्यांमध्ये हा प्रश्न फार आधी सुटला. ट्रॅकवर गाडी सतत पूर्ण ताकदीने पळते, इंजिनला विसावा नसतो, म्हणून तिथे कंपनीच्या दिव्यावर कुणी विसंबत नाही. ऑइलच्या दाबाचा वेगळा काटा आणि चालकाच्या नजरेसमोर मोठा लाल दिवा बसवतात. वेग सोडला तर उसाच्या ट्रॅक्टरची गत तीच आहे. तासन्‌तास पूर्ण लोड.

ऑइलचा मीटर : नळीचा की वायरचा

दोन प्रकार मिळतात. पहिला यांत्रिक. त्यात इंजिनमधून बारीक नळीने ऑइल थेट मीटरपर्यंत येतं. मीटरच्या आत वाकवलेली चपटी नळी असते, दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. ही युक्ती फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांची, पेटंट १८४९ चं. फवारणी पंपावर, गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर आणि ऑक्सिजनच्या सिलेंडरवर जो दाबाचा मीटर असतो, तोही याच पद्धतीचा. याला बॅटरी लागत नाही आणि तो सहसा खोटं बोलत नाही. पण धोकाही मोठा आहे. गरम ऑइल दाबाने चालकाच्या गुडघ्यापर्यंत आणलेलं असतं. प्लॅस्टिकची नळी सायलेन्सरजवळून नेली तर ती वितळते, ऑइल गरम पाइपवर पडून पेटू शकतं, आणि पेटलं नाही तरी इंजिन रिकामं होतं. तांब्याची नळी वापरली तर इंजिनजवळ तिचे दोन-तीन वेढे सोडावे लागतात. नाहीतर इंजिनच्या थरथरीने ती टोकाला चिरते. पत्र्यातून नळी जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच.

दुसरा प्रकार वायरचा. इंजिनवर सेन्सर बसतो, तिथून डॅशबोर्डपर्यंत फक्त वायर जाते. ट्रॅक्टरसाठी हाच बरा. मात्र सेन्सर आणि मीटर जोडीनेच घ्यावेत. सेन्सर दाबाप्रमाणे आपला विद्युत रोध बदलतो आणि मीटर तो मोजतो, पण प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे. काही सेन्सर दाब वाढला की रोध वाढवतात, काही कमी करतात. एका कंपनीचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर काटा हलतो, पण खोटं सांगतो. "चालतोय ना" म्हणून दुकानदाराने हातात दिलेला सुटा सेन्सर घेऊ नये.

बसवताना जुना स्विच काढून टाकू नये. पितळी टी लावून एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला नवा सेन्सर जोडता येतो. इथे बहुतेक जण एक चूक करतात. सेन्सर डबीएवढा जाड आणि जड असतो. तो पितळी टीवर आडवा लटकवला की महिन्या-दोन महिन्यांत थरथरीने टीची मान मोडते आणि सगळं ऑइल रस्त्यावर. म्हणून इंजिनमधून दाब सहन करणारी छोटी होज काढावी आणि टी, सेन्सर, स्विच हे सगळं बाजूला चॅसिसवर पट्टीने घट्ट बसवावं. खर्च थोडा वाढतो, पण हे न करता वायरचा मीटर बसवण्यात अर्थ नाही.

सेन्सर असा बाजूला बसवला की त्याला अर्थची वेगळी वायर द्यावी लागते. इंजिनवर थेट बसवलेल्या सेन्सरला आट्यांमधूनच अर्थ मिळतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे मारले की अर्थ तुटतो आणि काटा भलतीकडे जातो. टेप लावायचीच तर एक-दोन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. आटे जुळत नसतील तर जोर लावू नये. इंची आणि मिलिमीटरचे आटे सुरुवातीला एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, आणि ऑइल गॅलरीचे आटे गेले की काम वाढतं.

पाण्याचा मीटर : पाणी संपलं की काटा खाली येतो

तापमानाच्या मीटरमध्येही नळीचा आणि वायरचा असे दोन प्रकार आहेत. नळीच्या प्रकारात टोकाला पितळी बल्ब असतो, आत लवकर वाफ होणारा द्रव बंद केलेला. ती नळी कापता येत नाही, जोडता येत नाही, दाबून वाकवता येत नाही. लांब झाली म्हणून कापली की मीटर संपला. उरलेल्या नळीचं वाटीएवढं वेटोळं करून बांधून ठेवायचं.

बल्ब किंवा सेन्सर हेडवर, थर्मोस्टॅटच्या जवळ, जिथून गरम पाणी बाहेर पडतं तिथे बसला पाहिजे. रेडिएटरच्या खालच्या पाइपवर बसवला तर तो थंड होऊन परत येणारं पाणी मोजतो. काटा छान दिसतो आणि हेड मात्र शिजत असतं.

याहून मोठा फसवा प्रकार वेगळाच. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, लोखंडाचं नाही. होज पाइप फुटला आणि पाणी गेलं तर सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिन लाल होत असताना काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं, गाडी थंड झाली. म्हणून लोडवर असताना काटा अचानक खाली पडला तर तो वर गेल्याइतकाच धोक्याचा समजावा आणि लगेच थांबून बघावं. यावर चांगला उपाय म्हणजे हेडच्या एखाद्या बाहेरच्या बोल्टखाली वॉशरसारखा बसणारा सेन्सर. तो थेट धातूचं तापमान घेतो, पाणी असो वा नसो. हेडचा मुख्य बोल्ट त्यासाठी सैल करू नये. थर्मोस्टॅट हाउसिंगचा किंवा हेडवरचा दुसरा छोटा बोल्ट पुरतो.

मीटर बसवण्याआधी घरीच तपासता येतो. पातेल्यात पाणी उकळायचं आणि बल्ब तळाला न टेकवता आत धरायचा. शिरूर-दौंडचा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून जरा जास्त उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथे आला तर मीटर बरा. पाच-सात अंश इकडे-तिकडे दाखवत असेल तर तेवढा फरक लक्षात ठेवावा, जास्त असेल तर परत करावा.

इंजिनचं नेहमीचं तापमान साधारण ८० ते ९५ अंश. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी ९८ ला न उकळता ११० च्या आसपास जाईपर्यंत तग धरतं. झाकणाचं रबर गेलेलं असेल, किंवा झाकणाच्या जागी फडकं कोंबलेलं असेल, तर हा सगळा फायदा गेला. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत आहे. तरी दर हंगामात कुणाचा तरी हात भाजतोच.

आणि काटा ६० च्या वर सरकतच नसेल तर? बऱ्याचदा कुणीतरी "गाडी तापते" म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो. थंड इंजिन डिझेल जास्त खातं आणि लायनर लवकर झिजवतं. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटरसमोरच्या जाळीत अडकलेलं पाचट, भुसा, किंवा सैल फॅन बेल्ट असतं. ट्रॅक्टरचा पंखा सहसा समोरून हवा आत ओढतो, त्यामुळे हवेची नळी मारायची ती इंजिनच्या बाजूने समोरच्या दिशेला. समोरून मारली की कचरा अजून आत बसतो.

दिवा, बझर आणि वायरिंग

मीटर बघायला चालकाला वेळ नसतो, रस्ता बघायचा असतो. म्हणून मोठा लाल दिवा आणि बझर हवा. तापमानासाठी वेगळा स्विच मिळतो, जो ठरलेल्या अंशाला अर्थ जोडतो. कंपनीच्या मर्यादेप्रमाणे ९५ ते १०५ मधला निवडावा. काही मीटरच्या सेन्सरमध्येच इशाऱ्याचं दुसरं टर्मिनल असतं, मग वेगळ्या स्विचची गरज पडत नाही.

जोडणी अशी : चावीनंतरच्या बारा व्होल्टवरून तीन ते पाच अँपिअरचा फ्यूज, तिथून दिव्याचं एक टोक, दिव्याचं दुसरं टोक स्विचला. फ्यूज जिथून वायर सुरू होते त्याच्या जवळ हवा, मीटरजवळ नाही. वायर मध्येच घासली तर फ्यूजच्या पुढचाच भाग वाचतो.

एकच बझर दोन्ही दिव्यांना जोडताना इलेक्ट्रिशियन मंडळी हमखास अडकतात. दोन्ही स्विचच्या वायरी बझरच्या एका टोकाला सरळ बांधल्या की ऑइल गेलं तरी दोन्ही दिवे लागतात, पाणी तापलं तरी दोन्ही. मग नेमकं काय झालं ते कळत नाही. उपाय दोन डायोड, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे सुट्टे मिळणारे वन-एन-४००७. बझरचं प्लस टोक चावीच्या लाइनला. मायनस टोकाला दोन्ही डायोडचं बिनपट्ट्याचं टोक. एका डायोडचं पट्ट्याचं टोक ऑइलच्या स्विचच्या वायरला, दुसऱ्याचं तापमानाच्या स्विचच्या वायरला. आता बझर कुठल्याही कारणाने वाजेल, दिवा मात्र एकच लागेल. डेकच्या आवाजात ऐकू येईल असाच बझर घ्यावा. नाहीतर सरळ रिले लावून हॉर्न जोडणारेही आहेत.

व्होल्टमीटरचं काम सोपं आहे. जुन्या अँपिअर मीटरमधून सगळा करंट जातो, त्याची जाड वायर सैल झाली तर आग लागू शकते. व्होल्टमीटरला चावीनंतरची एक बारीक वायर आणि अर्थ एवढंच लागतं. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग ठीक. चार्जिंगचा लाल बल्ब उडाला असेल तर त्याजागी एलईडी लावण्याआधी विचारून घ्यावं. काही अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो, एलईडी लावल्यावर चार्जिंगच सुरू होत नाही.

नव्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे नियम लागू झाले. त्यांतल्या बऱ्याच इंजिनांचं डिझेल कॉम्प्युटर सांभाळतो आणि सेन्सरच्या वायरी त्याच्याकडे जातात. त्या वायरी सोलून त्यांवर दुसरा मीटर जोडू नये. वॉरंटीत असलेल्या ट्रॅक्टरची कुठलीही वायर कापण्याआधी डीलरला विचारावं.

लाल झालं की काय करायचं

हे मालकाने चालकाला आधीच, शांतपणे सांगितलेलं असावं, कारण दोन दिव्यांना दोन वेगळी उत्तरं आहेत.

ऑइलचा दिवा लागला किंवा काटा पडला तर इंजिन लगेच बंद. ट्रॅक्टर कडेला घेण्यापुरतंच चालवायचं. पुढच्या फाट्यापर्यंत नेऊ, पंपापर्यंत नेऊ, हे चालत नाही. दाबाशिवाय बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही.

पाण्याचा दिवा लागला तर उलट. कडेला घ्यायचं, गिअर काढायचा आणि इंजिन मंद चालू ठेवायचं, म्हणजे पंखा आणि वॉटर पंप फिरत राहतात व उष्णता बाहेर जाते. लोडवरून एकदम बंद केलं तर हेडमधलं पाणी जागेवरच उकळतं. पण फॅन बेल्ट तुटलेला असेल, पाणी सांडलेलं दिसत असेल, किंवा काटा वर जाऊन अचानक खाली पडला असेल, तर मात्र लगेच बंद. आणि कोरड्या तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

उसाच्या कडेला थांबलेला ट्रॅक्टर रात्री मागच्या गाडीला दिसत नाही, हा दुसरा धोका. ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर पाचटाने झाकलेले असतात. थांबलं की मागे जाऊन ते मोकळे करावेत, दोन्ही इंडिकेटर चालू ठेवावेत.

खरी अडचण तारेत किंवा मीटरमध्ये नाही, ती खेपेच्या हिशेबात आहे. चालकाला पैसे खेपेवर किंवा टनावर मिळत असतील आणि थांबल्यावर मालक फोनवर ओरडत असेल, तर तो लाल दिव्यावर कापड टाकून पुढे जाईल. दिव्याची वायर काढून ठेवणारे हातही बहुतेक वेळा तेच असतात. थांबल्याबद्दल चालकाला बोल लावायचा नाही, एवढं ठरलं तरच या सामानाचा पैसा वसूल होतो.

मीटर बसवताना डॅशबोर्डवर ते थोडे फिरवून असे लावता येतात की सगळं ठीक असताना तिन्ही काटे सरळ वर दिसतील. शर्यतीच्या गाड्यांत असंच करतात. आकडे वाचायची गरज राहत नाही, एखादा काटा वाकडा दिसला की नजर तिथे जाते. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्या चालकालाही हे चालतं. काचेवर नेलपॉलिशने हिरवी आणि लाल रेघ मारली तरी बरंच काम होतं.

रोज सकाळी चावी फिरवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, ऑइलचा दिवा लागला पाहिजे आणि बझर वाजला पाहिजे. नाही लागला तर बल्ब, वायर नाहीतर स्विच गेलाय. पाण्याचा दिवा मात्र थंड इंजिनवर आपोआप लागत नाही, त्यामुळे तो जिवंत आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी त्याच्या स्विचच्या वायरवरून बॉडीला जोडणारं एक छोटं पुश बटण डॅशबोर्डखाली बसवून घ्यावं. बटण दाबलं की दिवा आणि बझर दोन्ही चालले पाहिजेत. मग स्टार्टर मारावा.